लीकेजचा डबा

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली लीकेज म्हणते. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि ते ओ देतात. फ्रिज दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. कोणाच्याही घरात शिरले की बसायच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला, "लीकेज कुठंय?" लग्न होऊन मी पहिल्यांदा त्यांच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझी बॅग उचलली, हलवून पाहिली, आतल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल आहे हे ओळखलं आणि "ये बाळ" म्हणायच्या आधी ते घट्ट केलं. मला राग आला होता. पण झाकण खरंच सैल होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

घरही तसंच. नळ ठिबकत नाही, खिडकीतून वारा शीळ घालत नाही, डब्यांची झाकणं काढताना माणूस घामाघूम होतो. आमच्या फ्रिजचं दार उघडायला दोन हात आणि थोडा संताप लागतो. माझा नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा, जहाजावर नोकरी करतो आणि वर्षाचे बरेच महिने समुद्रात असतो. गळती जहाजालाही चालत नाही, पण तिथे निदान ती दुसऱ्या कोणाची तरी डोकेदुखी असते.

गुडघ्यांनी दगा दिला तसं सासऱ्यांनी बाहेरची कामं बंद केली. गिऱ्हाइकं ओळखीच्या मेकॅनिककडे सोपवली, शटरवरची पाटी उतरवली. तळमजल्यावरची खोली मात्र जशीच्या तशी ठेवली. लांब बाक, त्याला जखडलेला, वस्तू पकडून ठेवायचा वाइस, तांब्याच्या नळीची वेटोळी, हवा भरायचा पंप, आणि साबणाच्या फेसाची वाटी, तिच्यात एक जुना ब्रश. नळीला गळती आहे का हे पाहायचं तर आत हवा भरायची आणि बाहेरून फेस लावायचा. जिथे बुडबुडा येईल तिथे चोर. सासऱ्यांचा देवावर किती विश्वास आहे मला माहीत नाही, बुडबुड्यावर पूर्ण आहे.

माझी नणंद याच खोलीत शिकली. तांब्याचे सांधे ज्योतीवर जोडायचा टॉर्च तिच्या भावाला धरवत नसे आणि तिला सोडवत नसे. गल्लीने गृहीतच धरलं होतं की पुढे दुकान हीच चालवणार. मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात ती सांधा जोडत असताना सासऱ्यांनी तिच्या हातातला टॉर्च काढून घेतला. सांधा बिघडला नव्हता. सासऱ्यांना तो आणखी चांगला करायचा होता. गिऱ्हाईक बघत उभं होतं. नणंद हात पुसून घरी आली आणि पुन्हा त्या खोलीत गेली नाही. कानाची यंत्रं दुरुस्त करायची नोकरी तिने धरली, वेगळं बिऱ्हाड केलं. बापलेकीचं बोलणं तुटलं नाही, पण ते औषधं, झोप आणि गुडघे यांच्या पलीकडे जायचं नाही. हत्यारांचा विषय निघाला की दोघंही मूग गिळून गप्प.

मी मोटार चालवायला शिकवते. आमच्या धंद्यात शिकणाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग ओढायचं नसतं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक असतो त्यावर भागवायचं असतं. हे मी सासऱ्यांना एकदा सुनावलं होतं. ते म्हणाले, "माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातलीच गत.

या नणंदेला रॉकेटचा नाद लागला. खांद्याइतकं उंच, जाड पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट. खाली इंजिन, वर निमुळतं टोक, पोटात पॅराशूट. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या मैदानावर हौशी मंडळी जमतात आणि आपापली रॉकेटं उडवतात. वर गेलेलं रॉकेट खाली वळलं की आतलं एक लहानसं यंत्र चिमूटभर बंदुकीच्या दारूला ठिणगी देतं. त्या धक्क्याने नळीचे दोन भाग सुटतात, पॅराशूट बाहेर पडतं आणि रॉकेट अलगद उतरतं. वळलो की नाही हे यंत्राला हवेवरून कळतं. वर जावं तशी हवा विरळ, खाली यावं तशी दाट. दाट व्हायला लागली की त्याने ठिणगी द्यायची.

नणंदेने आधीच्या रॉकेटमध्ये हे यंत्र आत चिकटवूनच टाकलं होतं. बॅटरी दमली आहे हे बाहेरून बघायला वावच नव्हता. रॉकेट झोकात वर गेलं आणि भाल्यासारखं खाली आलं. पाण्याच्या पिंपाशेजारी ते हातभर जमिनीत घुसलं. पिंपाला लागून एक खुर्ची होती आणि खुर्चीत मैदानाच्या प्रमुख बाई होत्या. लाल आणि हिरवा झेंडा त्यांच्याच हातात असतो, म्हणून सगळे त्यांना झेंडेवाल्या बाई म्हणतात. बाई उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी यंत्र बाहेर काढून माझ्या हातात द्यायचं. मी बॅटरी मोजणार, मगच ते आत जाणार. आणि पुन्हा असं पडलं, तर तुम्हाला हे मैदान बंद. कायमचं."

आसपास दुसरं मैदान नाही. परत येताना गाडीत नणंद म्हणाली, "वहिनी, आठवडाभर मी लोकांच्या कानातली यंत्रं पुसते. हे एकच माझं आहे. हे गेलं तर मी काय करू?" तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी नुसता गिअर बदलला.

तर आता हवा होता काढता-घालता येणारा डबा. रॉकेटच्या दोन भागांच्या मधोमध बसणारी आखूड नळी, तिच्या दोन्ही तोंडांना लाकडी झाकणं, आरपार जाणाऱ्या दोन आटेदार सळ्या, आणि सळ्यांवर ओवलेली प्लायची पट्टी. पट्टीवर एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला बॅटरी. टोकाचे दोन पंखवाले नट काढले की झाकण सुटावं आणि पट्टी ड्रॉवरसारखी हातात यावी. कागदावर सोपं. पण नणंदेच्या बिऱ्हाडात बाक नव्हता की वाइस नव्हता, आणि गुडघ्यावर धरून कापलेली गोल झाकणं बटाट्याच्या आकाराची होत होती.

"वहिनी, तू विचार ना बाबांना, बाक वापरू का म्हणून."

"का? तुला देवाने तोंड दिलंय ना?"

ती आली. नळी काखेत, खालच्या मानेने. सासरे स्टुलावर बसले होते.

"बाबा, वाइस हवाय."

"कशाला?"

"डबा करायचाय."

"कर की. वाइस काय मी डोक्याखाली घेऊन झोपतो?"

एवढ्यावर ती इतक्या वर्षांनी बाकापाशी उभी राहिली. सासरे तिच्याकडे न बघता सगळं बघत होते. तिने झाकण कापलं, कानसलं, नळीत बसवून पाहिलं, पुन्हा कानसलं. दोनदा त्यांचे हात पुढे आले आणि दोन्ही वेळा त्यांनी ते परत मांडीखाली सारले. मी दारात उभी राहून हे पाहिलं, आणि हसू दाबायला वर निघून गेले. मधल्या नळीला तिने बाहेरच्या अंगाला तीन बारीक भोकं पाडली, सळ्या ओवल्या, पट्टी बसवली. जायच्या वेळी डबा त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, दोन्ही झाकणं तुम्ही घट्ट करा. वरच्या अंगाला दारू पेटली की धूर आत शिरता कामा नये. शिरला तर यंत्र मेलं. तुमच्याइतकं घट्ट मला जमायचं नाही."

घट्ट करा, असं ती लीकेजला सांगत होती. सासरे नुसतं "हं" म्हणाले, पण त्या दिवशी ते जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला स्वतः उठले.

पुढचा आठवडा ती नोकरीवर आणि सासरे खोलीत. झाकणांना त्यांनी फ्रिजच्या दाराचं रबर कापून गोल कडी बसवली. सळ्या जिथून बाहेर येतात तिथे रबर, स्विचच्या भोवती रबर, वायरी जिथून जातात तिथे मेणासारखं काहीतरी. यंत्र बाजूला काढून डब्यात पंपाने हवा भरली आणि फेसाची वाटी पुढे ओढली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते गुणगुणत होते. मी या घरात आल्यापासून त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मग एक दिवस वर येऊन म्हणाले, "तिने नळीला कुठला रंग लावलाय? तोच डबा दे." तिने तो आमच्याकडेच ठेवला होता, मी दिला. रंगकामात त्यांना कधीपासून रस, असा विचार मनात आला, पण म्हातारा माणूस खुशीत आहे तर कशाला माशी शिंकवायची.

नणंद डबा न्यायला आली. पंखवाले नट सोडवले, पट्टी बाहेर ओढली. ती आवाज न करता सरकत आली. पुन्हा आत घातली, नट आवळले, डबा कानाशी धरून हलवून पाहिला. काही खडखडलं नाही. तिने पुन्हा एकदा काढली आणि पुन्हा घातली, नुसती गंमत म्हणून.

"बाबा, मस्त झालाय."

सासरे एक स्वच्छ पाना फडक्याने आणखी स्वच्छ करत होते. "कधी उडवणार?" त्यांनी विचारलं. आणि मग, पान्याकडेच बघत, "गाडीत जागा आहे का?"

मैदानावर ते पहिल्यांदाच आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खांद्याला हत्यारांची पिशवी होती, जी ते लग्नकार्यालाही नेतात. पोचल्याबरोबर पाण्याच्या पिंपाची तोटी ठिबकत होती ती त्यांनी बंद केली. झेंडेवाल्या बाईंनी हे पाहिलं आणि त्यांच्याबद्दल बाईंचं मत चांगलं झालं. ते फार वेळ टिकलं नाही.

आमचा नंबर आला. नणंदेने टेबलावर डबा उघडला, पट्टी काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी मीटर लावून बॅटरी मोजली, वायर ओढून पाहिली, झाकणाच्या रबरावर अंगठा फिरवला आणि भुवया उंचावल्या. "हे कोणी केलं? फार सुरेख आहे." सासऱ्यांनी आकाशाकडे पाहिलं. बाईंनी मग मधली नळी हातात घेतली, एकदा गोल फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

"हवेची भोकं कुठे आहेत?"

"ही काय," म्हणत नणंदेने नळी घेतली. तिनेही फिरवली. उन्हात धरून फिरवली. नळी सगळीकडून गुळगुळीत, एका रंगाची, कुठे डाग म्हणून नाही.

"ती तीन ना?" सासरे म्हणाले. आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. "फेस लावला तेव्हा सापडली. तिन्हीतून बुडबुडे येत होते. बुजवून घासली, वरून रंग मारला. आता कुठनंही गळणार नाही."

अति तिथे माती म्हणतात ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. हवा मोजून चालणारं यंत्र, आणि त्याला त्यांनी असं कोंडलं होतं की रॉकेट ढगात गेलं असतं तरी आतली हवा जमिनीवरचीच राहिली असती. ठिणगी पडली नसती. पॅराशूट उघडलं नसतं. बाईंनी नळी दोनदा फिरवली नसती तर दुपारपर्यंत नणंदेचं मैदान गेलेलं असतं, आणि ते तिच्या बापाने, मन लावून, घासून, रंग मारून घालवलेलं असतं.

"तुम्हाला कुठलीच गोष्ट जशी आहे तशी ठेवता येत नाही का?" नणंद हळू बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मी पाडली होती ती भोकं. मुद्दाम. मला एकदा विचारायचं."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येणार काहीतरी चोख उत्तर. पण ते तिच्या हातातल्या नळीकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. गडी कळायला मंद नाही. हवा, दाब, वर विरळ, खाली दाट. हा त्यांचाच विषय. एकदा डोक्यात शिरल्यावर त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मी चुकलो."

हे शब्द त्यांच्या तोंडून निघतील यावर गल्लीत कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून मी ते गल्लीत सांगितलेले नाहीत.

झेंडेवाल्या बाई समजूतदार निघाल्या. "आज नका उडवू. पुढच्या वेळी या. न उडवलेलं रॉकेट मी पडलं म्हणून धरत नाही." मग आवाज जरा कडक करून म्हणाल्या, "पण उडवलंत आणि पडलं, तर मात्र माझं बोलणं तेच."

मी नणंदेच्या दंडाला हात लावला. मी तिच्या जागी असते तर डबा उचलून सरळ घरी गेले असते. सासरेही म्हणाले, "बाई म्हणतात ते बरोबर आहे. राहू दे आज."

नणंदेने नळी टेबलावर ठेवली. वडिलांच्या पिशवीकडे पाहिलं. "पुढच्या वेळी तरी काय वेगळं होणार आहे, बाबा? भोकं तुमच्याच पिशवीतल्या ड्रिलने पाडायची आहेत. काढा."

"तू पाड मग."

"नाही. तुम्ही बुजवलीत, तुम्हीच पाडा. मी धरते."

मैदानावरची सात-आठ टाळकी एव्हाना जमली होती. सासऱ्यांनी हाताने फिरवायचा बारीक ड्रिल काढला. माझ्याकडून कागदाची पट्टी मागितली, नळीभोवती गुंडाळून बरोबर कापली, तिची तिहेरी घडी घातली आणि घड्यांवर पेन्सिलने खुणा केल्या, म्हणजे तिन्ही भोकं सारख्या अंतरावर. वारा एका बाजूने आला तर एकाच भोकाला झोडपणार, बाकीची दोन त्याला सावरणार, हे त्यांनी कोणी न सांगता मला समजावलं. नणंदेने नळी दोन्ही हातांत घट्ट धरली. ते ड्रिल फिरवत होते आणि ती पापणी न हलवता त्यांच्या बोटांकडे बघत होती. दुसऱ्या भोकापाशी ड्रिल जरा सरकला. मला वाटलं, आता ही हिसकावून घेणार. हिला हक्क आहे, माणसंही बघतायत. तिने नळी फक्त किंचित वळवली, म्हणजे त्यांना टोक नीट टेकवता यावं.

भोकं झाली. कडा कागदाने घासून साफ झाल्या. नणंदेने दारूच्या जागी एक छोटा बल्ब लावला, यंत्र आत घालून डबा बंद केला आणि स्विच फिरवला. मग दोन भोकांवर तिने बोटं दाबली आणि तिसरं वडिलांच्या तोंडापुढे धरलं. "ओढा."

सासऱ्यांनी डब्याला तोंड लावून हवा ओढली. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. आतल्या यंत्राला वाटलं, आपण वर चाललो. मग त्यांनी तोंड काढलं, हवा आत गेली, यंत्राला वाटलं, खाली निघालो. बल्ब लागला. सासऱ्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा ओढायला निघाले तेव्हा नणंद म्हणाली, "पुरे, बाबा. बॅटरी संपेल," आणि तिला हसू आलं.

मग ती थांबली. दारू भरायच्या आधी तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "उडवू?"

त्यांना नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर कोणाचंच काही गेलं नसतं. त्यांनी डबा हातात घेतला, झाकणं दाबून पाहिली, भोकांवरून बोट फिरवलं.

"उडव," ते म्हणाले. "टोकं बंद आहेत, पोट उघडं आहे. काही होत नाही."

हिरवा झेंडा वर गेला. नणंदेने बटण दाबलं. जाड कापड फाडावं तसा आवाज झाला आणि रॉकेट आमच्या डोळ्यांदेखत लहान होत गेलं. मग धूर संपला, आवाज संपला, वर नुसता एक काळा ठिपका. तो थांबल्यासारखा झाला. मी शिकाऊ गाडी ट्रकसमोर आल्यावर जसा पाय दाबते तसा जमिनीवर दाबून धरला होता. ठिपक्याजवळ पांढरा पुंजका उमटला, बऱ्याच उशिराने टप्प असा आवाज आला, आणि नारिंगी पॅराशूट उघडलं.

माझा जीव भांड्यात पडला. सासरे मात्र पिंपाचा आधार घेऊन मटकन खालीच बसले. मी धावत गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "गुडघे दुखतायत," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो, दिसतंय."

नणंद मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून रॉकेट छातीशी धरून चालत आली. झेंडेवाल्या बाईंनी डबा उघडायला लावला, पट्टी बाहेर आली, यंत्र टुकटुक आवाज करत आपण किती उंच गेलो ते सांगत होतं. आत धुराचा कण नव्हता. "पुढच्या वेळी मोठं आणा," बाई म्हणाल्या. "त्याला डबाही मोठा लागेल."

"करू," नणंद म्हणाली. मग वडिलांकडे वळून, "झाकणं तुम्हीच करायची हं, बाबा. आणि भोकंही."

सासरे पिंपाला धरून उठले. पिशवीतून ड्रिल काढला आणि मूठ तिच्याकडे करून तिच्यापुढे धरला.

"तू कर," ते म्हणाले. "मी धरतो."

तिने ड्रिल घेतला. मी गाडी आणायच्या निमित्ताने तिथून निघाले, कारण मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही.